परत आलेलं खोकं

आत्या कापडी बूट घालून आली आणि थोरल्या भावाची तिथेच सटकली.

बाजारात कुठेही मिळतात तसले बूट. पांढरे, उजव्या अंगठ्यापाशी विरलेले. अर्धं शहर ज्यांच्या कारखान्यातले चामडी बूट घालून कामावर जातं, त्यांची मुलगी सतरा वर्षांनी माहेरी येते आणि येते ती असले बूट घालून. बरं, गुपचूप टेबलाखाली पाय घेऊन बसावं, तर तेही नाही. तिने खुर्ची जराशी तिरकी केली होती आणि पायावर पाय टाकला होता. कुणाच्या नजरेतून सुटायला नको.

“हे तू मुद्दाम केलंस,” थोरला म्हणाला.

“हो,” आत्या म्हणाली. “लक्षात आलं ना, दादा? मला वाटलं, सांगावं लागतंय की काय.”

धाकटा हसला आणि थोरल्याने बघितल्याबरोबर खोकला. ही त्याची जुनी सवय. भावाच्या डोळ्यांचा अंदाज घेतल्याशिवाय त्याने आयुष्यात कधी हसू पुरं केलं नव्हतं.

जेवणं झाली होती. टेबलावर कापलेली फळं होती आणि फळांच्या शेजारी वकिलाने पाठवलेले कागद. आजोबा, म्हणजे या तिघांचे वडील, कारखाना थोरल्याच्या हाती देऊन मोकळे होणार होते. पण कारखान्याचा निम्मा हिस्सा आजीच्या नावावर होता आणि जाताना ती तो तिन्ही मुलांना सारखा ठेवून गेली होती. तेव्हा आत्याच्या सहीशिवाय पान हलणार नव्हतं. एरवी तिला या टेबलाशी कुणी बोलावलं असतं, असं समजू नये. बस चालवणाऱ्याशी लग्न करून ती या घरातून गेली, त्या दिवसापासून तिची खुर्ची माळ्यावर होती. आज ती पुसून खाली आणली होती.

आजोबांच्या मागच्या फळीवर घरातल्या प्रत्येकाचे लाकडी पाय होते. बूट ज्यावर चढवून घडवतात ते साचे. प्रत्येकाचा पाय मोजून आजोबांनी स्वतः तासलेले, खाली तारीख घातलेली. आत्याची जोडी डावीकडून तिसरी.

“दरवर्षी एक खोकं पाठवतो तुला,” आजोबा म्हणाले. “त्यातली एकही जोडी घालावीशी वाटली नाही?”

या घरात माफी मागायची पद्धत नव्हती. कुणाचा अपमान झाला, एखादा शब्द जास्तीचा गेला, की आजोबा कारखान्यात जात, त्या माणसासाठी उत्तमातली उत्तम जोडी करून घेत आणि खोकं पाठवून देत. खोकं पोचलं की विषय संपला. संप मिटला तेव्हा कामगारांच्या पुढाऱ्याकडे खोकं गेलं होतं. आजीचं तर सबंध कपाट भरलं होतं. त्यावरून दोघांचा संसार कसा झाला असेल, याचा अंदाज ज्याचा त्याने करावा.

“बसत नाहीत, बाबा,” आत्या म्हणाली.

“माझ्याकडचा बूट बसत नाही?”

“शेजारणीला बसतात. अगदी तिच्यासाठी केल्यासारखे. फार कौतुक करते ती तुमचं.”

आजोबांनी तोंड उघडलं आणि तेवढ्यात दारावरची घंटी वाजली.

“मी बघते!” गोटी ओरडली आणि खुर्ची पाडून पळाली.

गोटी ही धाकट्याची एकुलती एक मुलगी, अकरा वर्षांची. जन्मली तेव्हा इतकी गोल होती की आजोबांनी तिथल्या तिथे नाव ठेवून टाकलं. सकाळपासून ती याच घंटीची वाट बघत होती, कारण काल तिनेही एक खोकं पाठवलं होतं.

ते गेलं होतं काडीकडे. काडी तिच्या वर्गातली. कारखान्याच्या शिवणखात्यातल्या बाईंची मुलगी. लांब, बारीक, शेवटच्या बाकावर बसणारी. गोटीला मैत्रिणींची तशी वाण नव्हती. पहिल्या बाकांवरच्या सगळ्या मुली तिच्या मैत्रिणी होत्या, म्हणजे तिची रंगपेटी उघडी असेपर्यंत होत्या. गोटी पेन्सिली वाटायची, चिकटचित्रं वाटायची, वाढदिवसाला गाडी पाठवून सगळ्यांना पोहायला न्यायची. काडीने मात्र तिच्याकडून साधा खोडरबर कधी घेतला नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत काडी आईबरोबर कारखान्यात यायची आणि दोघी दुपारभर गच्चीवर असायच्या. तिथे बसून त्यांनी गोटीच्या वहीत एकमेकींचे पाय काढले होते. काडीचा लांब, अरुंद पाय आणि त्याच्याच पोटात गोटीचा आखूड, फताडा पाय. हसून हसून दोघींची पोटं दुखली होती. त्याच दुपारी काडीने सांगितलं, की तिचे शाळेचे बूट बाद मालाच्या टोपलीतले आहेत, दोन वेगळ्या जोड्यांमधले. डावा एक नंबर मोठा आहे आणि त्याच्या पुढच्या टोकात कापूस कोंबलेला आहे.

“कुणाला बोलू नकोस.”

“वेडी आहेस का? मी कशाला बोलू!”

आणि गेल्या सोमवारी ती बोलली. वर्गात नवी मुलगी आली होती, तिची रंगपेटी गोटीच्या रंगपेटीहून मोठी निघाली. पहिले बाक गोटीकडे पाठ करून बसले. गोटीकडे वाटायला दुसरं काही उरलं नव्हतं, तेव्हा तिने काडीचं गुपित वाटलं. वर्ग खदखदून हसला. काडीने डावा बूट काढला, त्यातला कापूस काढून सगळ्यांना दिसेल असा बाकावर ठेवला, एकेकीकडे नीट बघून घेतलं आणि बूट परत पायात घातला. त्यानंतर ती गोटीशी एक अक्षर बोलली नव्हती.

गोटी रडली, जेवली नाही आणि मग तिला उपाय आठवला. तो तिला जन्मापासून ठाऊक होता. तिने वहीतलं ते पायांचं पान फाडून आईला दिलं, आईने फोरमनला फोन केला आणि शुक्रवारी तांबड्या चामड्याची जोडी तयार झाली. शनिवारी ड्रायव्हर खोकं पोचवून आला. आता काडी नवे बूट घालून येणार, दोघी गच्चीवर जाणार आणि झालं गेलं संपणार. यात शंका घ्यायचं गोटीला काहीच कारण नव्हतं. या घरात ते असंच व्हायचं.

तिने दार उघडलं. काडी दारात उभी होती, पायात तेच जुने बूट. तिच्या मागे तिची आई, कारखान्यातल्या शिवणबाई, आणि आईच्या काखेत खोकं. रिबिनीची गाठ गोटीने स्वतः मारली होती. ती तशीच होती.

“बसले नाहीत का?” गोटीने विचारलं.

काडी बाजूला झाली.

“मालक आहेत?” शिवणबाई म्हणाल्या.

बावीस वर्षं त्या या घराण्याचे बूट शिवत होत्या, पण घरात पाऊल आज पहिल्यांदा टाकत होत्या. जिन्यात दोनदा थांबल्या होत्या. दोन्ही वेळा काडी पुढे गेली, म्हणून त्यांना जावं लागलं. जेवणाच्या टेबलापाशी येऊन त्यांनी खोकं फळांच्या बशीशेजारी ठेवलं, नेमकं वकिलाच्या कागदांवर.

“हे परत आणलंय, मालक. लेकीने घेतलं नाही.”

आजोबांनी खोक्याकडे बघितलं. पन्नास वर्षं त्यांच्याकडून खोकी जात होती. एकही परत आलेलं नव्हतं.

“रंग आवडला नसेल,” थोरला समजुतीच्या सुरात म्हणाला. ग्राहकाशी बोलायचा त्याचा सूर. “काळी करून देऊ. त्यात काय एवढं?”

“रंग छान आहे, साहेब. शिवलेत मीच.” शिवणबाई म्हणाल्या. “कामाच्या चिठ्ठीवर नाव नव्हतं. पण एवढा लांब आणि एवढा अरुंद पाय आमच्या खात्यात बसून मी ओळखणार नाही? वाटलं, कुणाच्या का मनात येईना, पोरीला बूट होतायत. जीव ओतून शिवले. मग घरी खोकं आलं, ही त्याला हात लावेना, आणि वर्गात काय झालं ते सांगितलंन. तेव्हापासून माझेच टाके मला टोचतायत.”

“वर्गात काय झालं?” धाकट्याने बायकोला विचारलं.

“मुलींचं काहीतरी,” गोटीची आई म्हणाली. “म्हणून तर बूट पाठवले ना.”

“मुलींचं काहीतरी,” आत्याने तेच शब्द सावकाश म्हटले आणि आपल्या भावजयीकडे असं काही बघितलं, की भावजयीने सफरचंदाची फोड उचलून परत ठेवली.

गोटीला टेबलाभोवतीची माणसं दिसतच नव्हती. “सायकल घे माझी,” ती काडीला म्हणाली. “नवी आहे. खरंच. मी पुन्हा मागणार नाही. नाहीतर दोन्ही घे. बूट पण आणि सायकल पण.”

काडीने मान हलवली.

“मग काय हवंय तुला?”

“काही नकोय!” काडी एवढ्या मोठ्याने ओरडली की तिच्या आईने तिचा खांदा धरला. काडीने तो सोडवून घेतला. “तुला कळत कसं नाही गं? मला तुझं काहीच नको होतं, म्हणून तर मी तुझी मैत्रीण होते. त्या दुसऱ्या सगळ्यांना काहीतरी हवं होतं. मग तू त्यांना माझं दिलंस. तुझं दे की! तुझ्याकडे काय कमी आहे? माझं कशाला दिलंस?”

“पण मी बूट...”

“आणि पान फाडलंस.”

शिवणबाईंनी पिशवीतून कागद काढला. चिठ्ठीला टाचून आलेलं ते पान होतं. मापासाठी फोरमनने काडीच्या पायाच्या रेषेवरून कात्री फिरवली होती, त्यामुळे आता पान उरलंच नव्हतं. उरला होता नुसता कागदाचा पाय, पोटात गोटीच्या पायाची रेघ, वर टाचण्यांची भोकं आणि निळ्या शाईत फोरमनचं अक्षर, ‘नग एक जोडी, तातडीचं’.

“हे कारखान्यात दिलंस तू,” काडी म्हणाली. आता ती ओरडत नव्हती, आणि ते जास्त वाईट होतं.

“पुरे झालं,” थोरला उठला. चार वाजता वकील येणार होता आणि कागदांवर अजून खोकं होतं. “बाई, कारखान्यातलं काही असेल तर कारखान्यात बोला. आमच्या घरात, आमच्या टेबलावर, आमचीच वस्तू आणून आपटायची? मालकांच्या देखत? मशीनवर बसायला बाहेर रांग लागलीय. उद्यापासून तुम्ही आला नाहीत तरी चालेल.”

शिवणबाईंच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. पण त्यांनी खोक्याला हात लावला नाही. “चालेल तर चालेल,” त्या म्हणाल्या. “पैसे घेऊन बूट शिवते मी, साहेब. तेवढेच विकते. पोरीचा मान नाही विकत. चल गं.”

गोटीने आजोबांकडे बघितलं. आजोबा नेहमी निस्तरायचे. आजही निस्तरतील. पण आजोबा खोक्याकडे बघत बसले होते, आणि त्यांनाही या खोक्याचं काय करायचं ते माहीत नाही, हे तिला एकदम कळलं. घरातल्या कुणालाच माहीत नव्हतं. काडी वळली होती. दारापर्यंत दहा पावलं असतील. ती एकदा दाराबाहेर गेली की कुठलंही दुकान, कुठलाही ड्रायव्हर तिला परत आणू शकणार नव्हता.

“थांब,” गोटी म्हणाली. “मी सांगते सगळ्यांना.”

“गोटी, आत जा,” आजोबा म्हणाले.

“नाही जाणार.”

आजोबांना या घरात असं उत्तर याआधी एकदाच मिळालं होतं, सतरा वर्षांपूर्वी. आत्याने टाकलेला पाय खाली घेतला आणि खुर्ची सरळ केली.

“आत जा म्हणतो ना! या घरात कुणी हात जोडत नाही कुणापुढे.”

“मी जोडणार आहे,” गोटी म्हणाली. तिचं नाक वाहत होतं, तिने ते बाहीला पुसलं. “तिने मला विश्वासाने सांगितलं होतं आणि मी वर्गात फोडलं. त्या मुलींनी माझ्याकडे बघावं म्हणून. त्यांनी बघितलं, हसल्या, आणि परत त्या नवीकडे गेल्या. मी वाईट वागले. बूट पाठवले तेव्हा मला वाटलं, आता बोलावं नाही लागणार. मी चुकले, काडी. मला माफ कर.”

हे शब्द त्या खोलीत कुणी कधी उच्चारले नव्हते. धाकटा आपल्या मुलीकडे बघत राहिला. ही कुणावर गेली, असा प्रश्न त्याला पडला असावा, कारण त्याने पहिल्यांदा बहिणीकडे बघितलं.

काडीने सगळं ऐकून घेतलं. “इथे काय सांगतेस?” ती म्हणाली. “इथे कोण हसलं होतं?”

गोटीने पुन्हा नाक पुसलं.

“वर्गात सांग.”

“सगळ्यांसमोर?”

“मला सगळ्यांसमोरच हसले होते.”

“सांगेन,” गोटी म्हणाली. “मग तू बोलशील माझ्याशी?”

“ते मी आता कसं सांगू? बघू.” काडीने आईच्या हातातून तो कागदाचा पाय घेतला, घडी न घालता वहीसारखा छातीशी धरला. “हे माझ्याकडे राहील.”

दोघी गेल्या. जिन्यावर काडीच्या डाव्या बुटाचा आवाज उजव्यापेक्षा मोठा येत होता, तो खालपर्यंत ऐकू आला.

थोरल्याने खोकं उचलून जमिनीवर ठेवलं, कागद सारखे केले आणि पेन आत्यासमोर धरलं. “घे. आधीच उशीर झालाय.”

आत्याने पेन घेतलं, टोपण लावलं आणि टेबलाच्या मधोमध ठेवलं. “त्या बाई उद्या आपल्या मशीनवर बसल्याचं मला कळलं पाहिजे. तू स्वतः जाऊन त्यांना सांगायचं, चुकलं म्हणून. तोंडाने, दादा. खोकं न पाठवता. मग सही.”

“तू मला अटी घालणार? बसवाल्याची बायको?”

“तीच. सही बसवाल्याच्या बायकोचीच हवीय ना तुला?”

“एका सहीने अडत नाही,” थोरला म्हणाला. “आम्ही दोघं आहोत. कोर्टात बघून घेऊ. काय रे?”

त्याने धाकट्याकडे न बघताच विचारलं होतं, कारण धाकट्याचं उत्तर काय ते तीस वर्षं ठरलेलं होतं. धाकट्याने हळूच पेन उचललं. थोरल्याला वाटलं, सही करतोय. धाकट्याने ते आपल्या खिशात घातलं.

“माझीही नाही मिळणार,” तो म्हणाला. “ताई म्हणते ते होईपर्यंत.” आणि थोरल्याच्या डोळ्यांकडे न बघता तो हसला. पुरं हसला.

थोरला बाबांकडे वळला. बाबा काहीतरी बोलतील. पण आजोबा उठून फळीपाशी गेले होते. डावीकडून तिसरी जोडी त्यांनी काढली, खालची तारीख वाचली, मग लेकीच्या कापडी बुटांकडे बघितलं.

“का बसत नाहीत?”

“एकोणीस वर्षांच्या मुलीचे पाय आहेत ते,” आत्या म्हणाली. “माझी दोन बाळंतपणं झाली, बाबा. पाय वाढतात बायकांचे. सतरा वर्षं तुम्ही बूट पाठवलेत, एकदा तरी पाय विचारलात?”

आजोबा लाकूड हातात घेऊन उभे राहिले. मग त्यांनी खिशातून मापाची फीत काढली. ती त्यांच्या खिशात नेहमी असे. गुडघा धरत, खुर्चीचा आधार घेत ते खाली बसायला लागले. “ठेव पाय.”

“नाही.” आत्याने दोन्ही पाय खुर्चीखाली ओढून घेतले. तिचे डोळे भरले होते, पण आवाज नव्हता भरला. “आधी विचारा.”

“काय विचारू?”

“कशी आहेस, ते.”

आजोबा अर्धवट वाकलेले तसेच राहिले. एवढी वर्षं त्यांनी चामडं वळवलं होतं, माणसं वळवली होती. जीभ वळत नव्हती. फीत बोटांवर गुंडाळत, सोडत, पुन्हा गुंडाळत त्यांनी शेवटी विचारलं, “कशी आहेस?” इतक्या हळू विचारलं की थोरल्याला ते ऐकू गेलं नाही. आत्याला गेलं.

गोटीने यातलं काही बघितलं नाही. ती खिडकीत उभी राहून रस्ता बघत होती. काडी एकदाही मागे वळली नाही.

सोमवारी सकाळी गोटीने रंगपेटी घरीच ठेवली. आईने विचारलं तर म्हणाली, जड होते. रात्रभर तिने वाक्यं जुळवली होती आणि शाळेच्या दारात येईपर्यंत ती सगळी विसरली होती. परत फिरावं, उद्या सांगावं, असंही दोनदा मनात आलं. तिच्या आयुष्यात तिला हवं ते त्याच दिवशी मिळत आलं होतं. ही एकच गोष्ट अशी होती की द्यायचं ते सगळं देऊनही मिळेल की नाही, हे दुसरीच कुणीतरी ठरवणार होती.

शिक्षिका वर्गात आल्या, हजेरीची वही उघडली. गोटी हात वर न करता उभी राहिली.

“काय गं?”

“मला सांगायचंय. सगळ्यांना.” शिक्षिकांनी हो म्हणायच्या आत ती मागे वळून वर्गाकडे तोंड करून उभी राहिली. पहिल्या बाकावरच्या मुलींनी एकमेकींना कोपरं मारली. शेवटच्या बाकावर काडी वहीत डोकं घालून बसली होती.

“गेल्या सोमवारी मी काडीच्या बुटांचं सांगितलं. ते तिचं गुपित होतं. तिने फक्त मला सांगितलं होतं.”

कुणीतरी फिसकन हसलं. नव्या मुलीने विचारलं, कुठले बूट? मग तिघीचौघी हसल्या. गोटीचे कान लाल झाले. खाली बसावंसं वाटलं. ती बसली नाही.

“मी सांगितलं, कारण मला वाटलं, मग तुम्ही माझ्याशी बोलाल. मी विश्वासघात केला. हसण्यासारखे तिचे बूट नव्हते, हसण्यासारखी मी होते. आता हसा हवं तर.”

त्यांनी ते आनंदाने मनावर घेतलं. हसू पहिल्या बाकावरून तिसऱ्यावर गेलं, शिक्षिकांनी टेबलावर डस्टर आपटलं, आणि त्या गोंगाटात गोटीचं पुढचं वाक्य कुणालाच कळलं नाही.

शेवटच्या बाकावर काडीने वहीतून डोकं वर काढलं.

“मोठ्याने बोल,” ती म्हणाली. “मागे ऐकू येत नाहीये.”